पाऊण टाकी

पहाटेचे पाच चाळीस. विस्कॉन्सिन. उणे अकरा.
चौऱ्याण्णव नंबरच्या हमरस्त्यावर मी, आर्डिस टॉलफसन,
आणि माझ्यामागे पाऊण टाकी दूध,
तीन गोठ्यांचं, थंडगार,
गाईंना केव्हाच विसरलेलं.

दुधाच्या टाकीत आडभिंती नसतात.
पेट्रोलच्या असतात. पण दूध म्हटलं की
कोपरान् कोपरा धुऊन निघाला पाहिजे.
म्हणून मी ब्रेक दाबते तेव्हा ट्रक थांबतो
आणि दूध थांबत नाही.
ते पुढे येतं, आपटतं, मागे जातं,
पुन्हा येऊन पाठीत गुद्दा घालतं
रुसलेल्या धाकट्या भावासारखं.

हे त्या राखाडी गाडीला कोण सांगणार?

ती रॅम्पवरून उतरतेय. ताशी पस्तीस मैल.
डावा दिवा लुकलुकतो, विझतो, परत लुकलुकतो.
बाबा रे, बाई गं, जे कोण असशील ते,
ही एवढी लांब पट्टी वेग घ्यायला ओतलीय,
विचार करायला नव्हे.
दाब. पाय दाब.

शाळेत आम्ही फिरत्या दोरीत शिरायचो.
कडेला उभं राहून मान हलवायची
दोरीच्या तालावर, एक, दोन,
आणि आत.
बिचकून मध्येच थबकलं की दोरी थोबाडीत बसायची.
संध्याकाळी घरी गाल सांगायचा सगळं.

याच्या थोबाडीत दोरी बसलेली नाही कधी.
याचं तळ्यात-मळ्यात चाललंय
सत्तर मैलांच्या लोंढ्याच्या काठावर.
तळ्यात. मळ्यात. तळ्यात.
आणि पट्टी संपते तिथे, अगदी टोकाला,
हा थांबला.
थांबला!
मग काय मनात आलं कोण जाणे,
बैलगाडी वळवावी तसा
माझ्या नाकासमोर आला.

डावीकडे दोन डब्यांचा पार्सल ट्रक. सरकायला जागा नाही.
मी ब्रेकवर.
दूध येतं.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा समजुतीने.

पुढचे अकरा मैल मी वाक्यं रचली.
चांगली होती. एक तर इतकं चांगलं होतं
की नवऱ्याला ऐकवायला राखून ठेवावं असं वाटलं.

मेनोमनीला तोही वळला, मीही वळले.
पेट्रोल पंपाच्या दुकानाशी उतरला:
नारिंगी कानटोपी, साठीचा, गुडघा धरून चालणारा.
दार उघडलं आणि मला पाहिलं.
मी अजून पंधरा पावलं लांब.
तो दार धरून उभा. उणे अकरात. आतली ऊब वाया घालवत.
‘आधी तुम्ही.’
आतलं दुसरं दार मी धरलं. ‘नाही, तुम्ही.’
‘छे छे, तुम्हीच.’
मागून एक पोरगा कॅन घेऊन आला,
त्यालाही आम्ही मधोमध घेतलं.
तिघं आत शिरलो,
कुणाचा खांदा कुणाला लागला नाही.

‘गारठा आहे, नाही?’ तो म्हणाला.
मी अकरा मैलांचा ऐवज गिळला.
‘आहे खरा,’ म्हटलं,
आणि कॉफीवर झाकण दाबलं, लागतं त्याहून जोरात.

बाहेर पडताना रॅम्प चढाचा आहे तिथे.
पाय तळाला टेकवला. इंजिन कण्हलं.
दूध मागच्या भिंतीला रेलून बसलं,
सासरी निघालेल्या मुलीसारखं, येत नाही म्हणे.
तीस. छत्तीस. एकेचाळीस.
पट्टी संपत आली
आणि आरशात कुणीतरी छोट्या लाल गाडीतून
दिवे मारतंय, हात उडवतंय,
ओठ हलताहेत, वाक्य चांगलं रचलेलं दिसतंय.

दाबतेय गं बाई.
दाबतेच आहे.